म्हशीला प्यायचंय

बीडमधल्या सरकारी कुंपणभिंतींवर गेली काही वर्षं एक पृथ्वी राहायला आली आहे. निळीशार, गोबऱ्या गालांची, डोळे मिटून हसणारी. आणि खाली तिला अलगद झेलणारे दोन तळहात. ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० सालच्या गांधीजयंतीला सुरू झालं, तेव्हापासून रंगाऱ्यांचा हात या चित्रावर असा बसला आहे की पूर्वी ते ज्या सहजतेने कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण काढत, त्याच सहजतेने आता एक अख्खा ग्रह काढून मोकळे होतात. आमच्या रस्त्यावरच्या पृथ्वीवरून दोन उन्हाळे गेले. समुद्राचा निळा उडाला, उत्तर ध्रुवाजवळ पोपडे निघाले, आफ्रिकेच्या पोटात भिंतीची वीट दिसू लागली. तळहात तेवढे शाबूत आहेत. हवामानबदलाचं इतकं प्रामाणिक चित्र काढायचं त्या रंगाऱ्याच्या मनातही नसेल. शेजारी चार हिताच्या गोष्टी लिहिल्या आहेत: शॉवर नको, बादलीनं अंघोळ करा. बाजारात जाताना कापडी पिशवी न्या. जवळ जायचं तर चालत जा. भरड धान्यं खा. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्याला थांबवून कुणी चालण्याचे फायदे समजावून सांगावेत, तसं बीडच्या माणसाला हे वाचताना वाटतं. वारकरी कुणाला तोडून बोलत नाही. तो ऐकून घेतो, ‘माउली’ म्हणतो आणि पुढे निघतो.

या हितोपदेशाची मूळ पोथी मोठी आहे. २०२१ साली ग्लासगोला हवामानाची जागतिक परिषद भरली, तिथे आपल्या पंतप्रधानांनी जगाला जीवनशैली बदलायचं आवाहन केलं. पुढे त्याचं ‘मिशन लाइफ’ झालं आणि सर्वसामान्य माणसानं काय काय करावं याची ७५ कलमांची यादी निघाली. एका संध्याकाळी मी ती यादी आणि लाल पेन घेऊन बसलो. शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाला यादी दिसली की गुण द्यावेसे वाटतात. भाजी धुतलेलं पाणी झाडांना घाला: घालतो. खरकटी भांडी आधी भिजत ठेवा: ठेवतो, नाहीतर घासायला पाणी कुठून आणणार? सिग्नलला गाडीचं इंजिन बंद करा: इथे पेन थोडं अडखळलं, कारण आमच्या गावात सिग्नलला थांबणं हीच आधी एक क्रांती ठरेल. बाकी कागद बरा चालला होता, न शिकता मिळवलेल्या गुणांचा चोरटा आनंद होत होता, आणि तेवढ्यात एक कलम आलं. नळाला ताजं पाणी आलं म्हणून आधी साठवलेलं ओतून देऊ नका. मी पेन खाली ठेवलं आणि आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. हे कलम दिल्लीतल्या कुठल्याशा कार्यालयात लिहिलं गेलं असेल यावर माझा विश्वास नाही. लिहिणारा माणूस कधीतरी आमच्याकडे मुक्कामाला होता.

कारण आमच्याकडे नळ रोज येत नाही. तो येतो तेव्हा जावयासारखा येतो. आधी चाहूल, मग गल्लीभर पुकारा, मग धावपळ. मधल्या दिवसांचा हिशेब ऋतूप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात तो इतका लांबतो की गेल्या वेळी नळ आला होता तेव्हा घरात कोणती भाजी होती, यावरून तारीख काढावी लागते. पाहुण्यांना बोलावणं, पडदे धुणं, मुलांची डोकी धुणं, एखादं छोटं बारसं उरकणं, सारं नळाच्या दिवसाभोवती फिरतं. पंचांगात अमावास्या-पौर्णिमेशेजारी नळाचीही तिथी छापली, तर बीडमध्ये ते पंचांग हातोहात खपेल. तर असा नळ आला की बायको पहिलं काम काय करते? घरातल्या झाडून साऱ्या भांड्यांतलं उरलेलं पाणी ओतून देते. ते शिळं झालेलं असतं. एवढे दिवस जपून, झाकून, पेल्यापेल्यानं वापरलेलं, काल रात्रीपर्यंत सोन्याच्या मोलाचं असलेलं पाणी नळाची पहिली धार पडताक्षणी शिळं होतं. मी एकदा विचारलं, ‘‘अगं, नळातलं पाणी तरी धरणात कधीपासून साठलेलंय, माहितीय का?’’ ती म्हणाली, ‘‘धरणात असंल. माझ्या घागरीत नव्हतं.’’ या युक्तिवादाला उत्तर ग्लासगोमध्येही मिळालं नसतं.

जिल्ह्याचा सरासरी पाऊस सांगायला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. सरासरी ही मोठी सोज्वळ गोष्ट आहे, तिच्या पोटात काय दडलेलं आहे ते ती कळू देत नाही. केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. २०१६च्या उन्हाळ्यात ते कोरडंठाक पडलं आणि त्याच्यावर तहान भागवणाऱ्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. २०२५च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात नद्यांना असे पूर आले की उभ्या पिकाखालची मातीसुद्धा खरवडून गेली. पूर्वी पाऊस रुसायचा, आम्ही वाट बघायचो; नात्यातलंच काहीतरी होतं ते. आता तो मेला की जिवंत तेच कळत नाही, आणि सोयाबीनच्या गंजी रचून झाल्या की मध्यरात्री दार ठोठावतो.

बालाघाटाच्या पठारावरच्या आमच्या गावात माझ्या लहानपणी पाण्याचं खातं आजीकडे होतं. तिची अंघोळ घालायची पद्धत अशी: अंगणात सुंभाची बाज टाकायची, बाजेवर नातवाला उकिडवं बसवायचं, बाजेखाली मोठं घमेलं सरकवायचं आणि तांब्याच्या गडूनं डोक्यावरून पाणी सोडायचं. पाणी माझ्या अंगावरून, सुंभाच्या विणीतून गाळून घमेल्यात. मी साबणाकडे हात नेला की आजी गरजायची, ‘‘साबन लावू नको रं, म्हशीला प्यायचंय!’’ जगातल्या किती मुलांना हे वाक्य ऐकत मोठं व्हायला मिळालं असेल, मला ठाऊक नाही. माझी अंघोळ ही माझी नव्हतीच. मी फक्त त्या पाण्याच्या वाटेवरचा एक थांबा होतो. घमेलं म्हशीपुढे जाई. म्हैस आधी हुंगायची, नाकपुड्या फुलवायची, मान वर करून माझ्याकडे एकदा पाहायची आणि मग प्यायची. ज्या दिवशी हुंगून तोंड फिरवी, त्या दिवशी आजी कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी. ‘‘साबन लावलास?’’ ‘‘न्हाई.’’ ‘‘मग पिईना कामून? काल कुठं लोळला होतास?’’ पुढे आयुष्यात मी बऱ्याच तपासण्यांना सामोरा गेलो. शिक्षणाधिकारी आले, सेवापुस्तकं उलटीपालटी झाली. पण त्या म्हशीच्या नजरेतला निकालीपणा मला कुठल्याही साहेबाच्या नजरेत दिसला नाही.

म्हशीनं नाकारलेलं पाणी वाया जात नसे. ते शेणात कालवून अंगण सारवायला जाई. डाळ धुतलेलं आंबोणात. भांड्यांचं आळूच्या खड्ड्यात. चूळ भरायची ती कर्दळीच्या बुडाशीच, इकडे तिकडे नाही. आत्मा एक देह सोडून दुसरा घेतो हे आजीनं कीर्तनात ऐकलं होतं. पाण्याच्या बाबतीत तिनं ते अमलात आणलं होतं. विहिरीतून निघालेला तांब्याभर जीव तीन-चार जन्म घेतल्याशिवाय तिच्या घरातून सुटू शकत नसे. मोक्ष मिळालाच तर तो थेट वाफ होऊन.

यातलं काहीच आजीला पुण्य वाटत नव्हतं, हे सांगायला हवं. आम्ही आता मागे वळून तिच्याभोवती एक तेजोवलय रंगवतो. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, ‘‘पानी नव्हतं म्हून. असतं तर कशाला?’’ तिची काटकसर हा विचार नव्हता, ती कमरेत भरलेली उसण होती. सवयीनं तिच्यासकट चालायला ती शिकली होती. पुढे वडिलांनी बीडला घर बांधलं आणि पहिल्यांदा घरात नळाची तोटी बसली. वडिलांनी ती सोडली, हात धुतले, आणि धुऊन झाल्यावरही बराच वेळ पाणी नुसतंच हातावरून जाऊ दिलं. तळहात उलटे केले, सुलटे केले. आजी शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. घमेलं आण, असंही म्हणाली नाही.

आता आमच्या घरात हौद आहे, गच्चीवर काळी टाकी आहे, बोअर आहे आणि भिंतीवर पाणी शुद्ध करणारं यंत्र आहे. बोअरचं पाणी इतकं जड की चहाच्या पातेल्याला आतून पांढरं अस्तर धरतं, म्हणून यंत्र. हे यंत्र मोठं सोवळं आहे. एक लिटर गोड पाणी आपल्या पदरात टाकताना ते दोन-तीन लिटर मोरीत सोडून देतं, अगदी मान वळवून, आमच्या म्हशीसारखं. दुष्काळी जिल्ह्यात, टँकरच्या प्रदेशात, घराघरातल्या भिंतीवर एक खिळा ठोकून आम्ही पाणी नाकारणारं यंत्र टांगलं आहे. पहिल्या आठवड्यात बायको त्याच्या नळीतून वाहणारं पाणी बघत उभी राहिली, मग काही न बोलता मागच्या दारची बादली आणून खाली ठेवली. तिला ७५ कलमं माहीत नव्हती. यादीत मात्र ते कलम शब्दशः आहे: एसी आणि फिल्टरमधून निघालेलं पाणी भांड्यांना, झाडांना वापरा. त्या बादलीवर आता फरशी पुसली जाते, भांड्यांचा पहिला हात होतो. फक्त घरी कुणी नवीन माणूस येणार असेल, तर बादली न्हाणीघरात जाते आणि दार ओढून घेतलं जातं. पाणी वाया घालवायला आम्ही लाजत नाही; ते साठवताना कुणी पाहिलं तर कानकोंडे होतो. गरिबीनं एकदा ज्या घरात मुक्काम केलेला असतो, त्या घराला तिच्या वस्तू पाहुण्यांसमोर नको असतात.

एसीखालीही एक डबा असतो. मे महिन्यात बाहेरच्या हवेत थेंबभर ओल नसते, ओठ फुटतात, दारं सुकून चौकटीत खुळखुळतात. आणि त्याच कोरड्या हवेतून ते यंत्र संध्याकाळपर्यंत तळाशी चारदोन बोटं पाणी पिळून काढतं. मला हे कौतुकानं बघावंसं वाटतं आणि तेवढंच हसूही येतं. कारण त्या पाण्यामागे वीज असते, विजेमागे बहुतेक वेळा कोळसा, आणि कोळशामागे पुन्हा पाणी. आमच्याच जिल्ह्यात परळीला, वैद्यनाथाच्या गावात, औष्णिक वीज केंद्र आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभापासून त्याची धुराडी त्या परिसराच्या आकाशात उभी आहेत. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेनं चक्र फिरवायचं, वाफ थंड करायला पुन्हा पाणी. २०१५च्या जुलैत दुष्काळ असा पडला की पाण्यावाचून तिथले संच बंद ठेवावे लागले. कोळशाच्या धुरानं तापणाऱ्या जगात कोळशाचंच केंद्र तहानेनं बसकण मारतं, ही गोष्ट एखाद्या पुराणात असती तर आम्ही तिच्यातून भस्मासुर ओळखला असता. वर्तमानपत्रात होती म्हणून पान उलटलं.

आता एका युनिट विजेमागे सरासरी पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हे कळल्यापासून मी एसीच्या रिमोटकडे जरा आदरानं पाहतो. २०२० पासून नवे एसी चालू केले की आपोआप २४ अंशांवर उघडतात, तशी सरकारनं व्यवस्थाच केली आहे. एक अंश चढवला की सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्यूरोचं सांगणं. हे सारं ठीक. पण सुटीला आलेला नातू आधी रिमोट हातात घेतो, १८वर आणतो आणि मग थंडी वाजते म्हणून पांघरूण मागतो. कपाटात आजीच्या हातची वाकळ आहे. तिच्या जुन्या लुगड्यांची, आत वडिलांच्या धोतराचे पदर, टाके तांदळाएवढे. बाहेर ४२ अंश, आत १८, आणि माझा नातू आजीच्या पाच-सहा लुगड्यांत गुरफटून गाढ झोपलेला. मी हळूच रिमोट उचलतो आणि २६ करतो. त्याला कळत नाही. पहाटे तो वाकळ पायानं लोटून देतो, तेवढंच.

त्याच्या वयात मी माळवदावर झोपायचो. आमचं गावचं घर माळवदाचं होतं. जाड भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा हातभर थर. उन्हाळ्यात भर दुपारी आत शिरलं की विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखं वाटे. रात्री सगळं गाव वर. या माळवदावरून त्या माळवदावर गप्पा, कुणाच्या तरी रेडिओवर गाणं, आणि वारा सुटला की एकाच वेळी साऱ्यांची ‘‘आलं गं बाई!’’ उगाच गहिवरायचं कारण नाही. पावसाळ्यात ते माळवद जागोजाग गळायचं, वरणात माती पडायची, आणि विंचू तर घरच्यासारखे वावरायचे. दरवर्षी मिरगाच्या आधी वर माती टाकायची, तुडवायची, गवत उपटायचं, हे ज्यांना करावं लागलं त्यांनी पहिली संधी मिळताच स्लॅब टाकला आणि मी त्यांना दोष देणार नाही. स्लॅब गळत नाही. तो फक्त दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते आमच्या अंगावर ओकतो. मग एसी. मग डबा.

भाकरीचंही असंच वर्तुळ झालं. माझ्या लहानपणी पोळी सणाला आणि पाहुण्याला. एरवी ज्वारी, हिवाळ्यात बाजरी. १९७२च्या दुष्काळात ज्वारीही संपली, तेव्हा रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. तिची भाकरी थापता थापता चिरायची, आणि गिळताना घशात तिचा एक स्वतंत्र विचार असायचा. त्या वर्षानं आमच्या पिढीच्या मनात एक गोष्ट पक्की रुजवली: चार पैसे आले की पोळी खायची. चार पैसे आले. पोळी खाल्ली. वजन वाढलं, साखर वाढली, आणि २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. पाणी कमी पिणारं, उन्हाला न डरणारं हे धान्य आता शहाण्यांचं अन्न झालं. पुण्याहून मुलीनं मला बाजरीच्या बिस्किटांचा पुडा पाठवला, रुपेरी कागदात, वर बाजरीच्या कणसाचं चित्र. बाजरी इथून गेली असेल का, या विचारानं मी तो पुडा बराच वेळ हातात धरून बसलो. इतकी वर्षं शहरात काढून आलेल्या नातलगाशी बोलताना होतं तसं झालं. ओळख पटते, पण एकदम अरे-तुरे करवत नाही.

पिशव्यांबद्दल फार लिहीत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८च्या जूनमध्ये दंडासकट बंदी आली आणि मोंढ्यात काही दिवस लोक हातात कोथिंबीर धरून, लग्नातल्या मानकऱ्यांसारखे हिंडले. तेव्हा बायकोनं माळ्यावरून तिच्या आईची वायरची पिशवी काढली. हिरव्या-पांढऱ्या चौकटी, पितळी कड्या. तिच्यात तीन पिढ्यांचे बाजार झालेले. ही पिशवी पूर्णपणे प्लॅस्टिकची आहे. पर्यावरणाची तिच्याइतकी सेवा आमच्या घरात कुणी केलेली नाही.

दिवाळी सरली की आमच्या जिल्ह्यातून ट्रॅक्टर निघू लागतात. ऊसतोडीला. लाखांच्या घरातली माणसं कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पार कर्नाटकापर्यंत जातात; मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला. नवरा-बायको मिळून एक कोयता. चौकात चहा घेताना मी एकदा एक ट्रॉली जवळून पाहिली. ज्वारी-बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, दोन घागरी एकमेकींत बसवलेल्या, तवा, एक म्हातारी शेळी, डालग्यात कोंबड्या, वाकळांचा ढीग, आणि ढिगावर, सगळ्यात उंच, एक लहान मुलगी कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून. अख्ख्या घराचा संसार आणि ट्रॉलीत अजून जागा शिल्लक. पाचेक महिने कोपीत राहायचं, फडात कोयता चालवायचा, मिळालेलं वाढंसुद्धा चाऱ्याला विकून मीठ-मिरची आणायची. भारतात माणशी वर्षाला दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो, अमेरिकेत चौदाच्या आसपास. सरासरी ही सोज्वळ बाई आहे असं वर म्हटलंच आहे; त्या ट्रॉलीतल्या मुलीचा आणि माझ्या एसीतल्या नातवाचा हिशेब तिनं एकाच ओळीत बसवला आहे. ट्रॅक्टर हलला तो नेमका भिंतीवरच्या आमच्या त्या पोपडे निघालेल्या पृथ्वीवरून गेला. जवळ जायचं तर चालत जा. भरड धान्यं खा. मुलीनं काही वाचलं नाही, ती कुत्र्याच्या कानात काहीतरी सांगत होती. हा फलक चुकीच्या भिंतीवर लिहिला गेलाय, तो माझ्या दिवाणखान्यात हवा, असं मला तेव्हा वाटलं. आणि माझ्या हातातल्या चहात साखर होती.

गेल्या कार्तिकात व्याही-विहीण पुण्याहून आले. सीताफळांचे शेवटचे दिवस होते. बालाघाटाच्या खडकावर, कुणी पाणी न घालता, कुणी नीट न लावता येणारं हे फळ. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव पहिल्यांदाच कुठल्यातरी गोड गोष्टीशी जोडलं गेलं. व्याहीबुवा इंजिनिअर. त्यांना मी खजाना विहीर दाखवायला नेलं. शहराच्या दक्षिणेला, १५८२च्या सुमारास, निजामशाहीतल्या सलाबतखानानं बांधवलेली. बांधणारा राजा भास्कर. भुयारी कालव्यातून पाणी उताराउतारानं दूरच्या बागांकडे जातं, ना मोटर ना बिल. आणि दुष्काळातही ही विहीर आटत नाही अशी तिची कीर्ती. खजिन्यातला पैसा इथं घातला म्हणून हे नाव, असं लोक सांगतात. व्याहीबुवांनी चष्मा पुसून पुसून उतार पाहिला. ‘‘झिरो एनर्जी,’’ ते म्हणाले. वाटेत परतताना मात्र ते मला त्यांच्या सोसायटीबद्दल सांगत होते. तिथे पाण्याची समिती आहे. फिल्टरचं टाकाऊ पाणी कसं वापरावं यावर एका रविवारी बाहेरचा वक्ता बोलावून पडद्यावर चित्रं दाखवली, नंतर इडली-चटणी.

घरी पोचलो तर न्हाणीघराचं दार सताड उघडं. बादली मधोमध. बायको दारात अवघडून उभी, आणि विहीणबाई चक्क खाली वाकून बादलीत डोकावत होत्या.

‘‘ताई, तुमच्याकडं पण?’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमच्या घरी दोन आहेत. पाहुणे आले की मी गॅलरीत लपवते.’’

त्यानंतर दोघी ज्या बोलायला बसल्या त्या दिवेलागणीपर्यंत. दुखणी आणि सुना या विषयांवर जितक्या जिव्हाळ्यानं बोलता येतं, तितक्याच जिव्हाळ्यानं त्या सांडपाण्यावर बोलत होत्या. फिल्टरच्या पाण्यानं काचा पुसल्या तर डाग राहतात. कपड्यांच्या पहिल्या पिळाचं पाणी संडासला चांगलं. डाळीचं पाणी गुलाबाला. इतकी वर्षं एकमेकींच्या रेसिपीला ‘छान झालंय हं’ म्हणून खाली ठेवणाऱ्या या दोन बायका. आमच्या मुलीच्या लग्नात आहेराच्या साडीवरून जे काही झालं होतं ते अजून कुणी नीट विसरलेलं नव्हतं. व्याहीबुवा आणि मी सीताफळ खात, बिया मोजत नुसते ऐकत होतो.

शेवटी बायकोनं मागच्या दारचा कढीपत्ता दाखवला. एसीचं पाणी घालायला लागल्यापासून पानं पिवळी पडली होती. विहीणबाईंनी पान चुरगळून हुंगलं.

‘‘त्या पाण्यात काही सत्त्व नसतं, ताई. आंबट ताक घाला.’’

बायको क्षणभर गप्प राहिली. मग पदर खोचत म्हणाली, ‘‘किती दिवसांचं?’’